भिंतीपलीकडची हॅकर

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगते. कारण हा किस्सा ज्यांना ज्यांना सांगितला, ते चहा सांडेपर्यंत हसले आणि माझं म्हणणं कुणी ऐकूनच घेतलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की बिनवायरचा कीबोर्ड विकणाऱ्यांनी डब्यावर ठळक अक्षरांत छापायला हवं: 'दोन सुनांच्या घरात जपून वापरावा.'

सोनईतलं आमचं घर म्हणजे एका घराची दोन घरं. मध्ये एक भिंत. इकडे आम्ही, तिकडे माझे मोठे दीर आणि जाऊबाई, सुनंदाताई. ओटा मात्र एकच, आणि त्यावर आमच्या सासूबाईंची बैठक. दोन्ही घरांत काय चाललंय ते आईंना बसल्या जागी ऐकू येतं. डाव्या कानानं आमचं, उजव्या कानानं त्यांचं.

आईंचा एक कायदा आहे. एका सुनेला जे आणायचं, तेच दुसरीला आणायचं. "एकीला येक नि दुसरीला दुसरं आनलं की तोंडं फुगत्यात. मला न्हाई चालत." त्यामुळे आमच्याकडे कुकर सारखे, साड्या सारख्या, एवढंच काय, कॉम्प्युटरसुद्धा सारखे. जाऊबाई झेडपीच्या शाळेत शिक्षिका, त्यांना रोज कसले ना कसले अहवाल पाठवायचे असतात. आणि मी बी.एस्सी. कॉम्प्युटर. हे लक्षात ठेवा. पुढे मला त्याची फार लाज वाटणार आहे.

तर, माझी मुलगी ओवी दोन वर्षांची. वायर दिसली की ओढायची, एवढंच तिचं शिक्षण झालंय. आणि मी ही अशी. ओवी वायरीकडे बघायला लागली तरी मला पुढचं सगळं दिसायचं: ती वायर गळ्याभोवती, तो शॉक, ती अँब्युलन्स, आणि 'आई काय करत होती?' असं विचारणारे नातेवाईक. शेवटी मी हट्टच धरला. कॉम्प्युटर मधल्या भिंतीवरच्या उंच फळीवर ठेवायचा आणि बिनवायरचा कीबोर्ड-माऊस घेऊन आपण पलंगावर बसायचं.

घाई अशासाठी, की माझी परीक्षा होती. पुण्याची एक कंपनी, घरगुती वस्तू ऑनलाइन विकते. चिडलेल्या ग्राहकांना मराठीत शांतपणे उत्तरं लिहायची, घरबसल्या, रोज तीन तास. ओवी झाल्यापासून घरात बाहेरून एकच निरोप यायचा, लसीकरणाचा, आणि तोही तिच्या नावाचा. माझ्या नावानं कुणीतरी काहीतरी विचारावं, याची मला किती आस लागली होती ते मी नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं.

आदल्या दिवशी दीर घोडेगावच्या बाजारात गाय विकून तसेच पुढे नगरला गेले आणि दोन सेट घेऊन आले. हो, दोन. कायदा तो कायदा. आईंनी दोन्ही डबे ओट्यावर उघडले आणि प्रत्येकीचा एक असे दोन ढीग केले. बाजारात गाईचे दात बघतात तसे दोन्ही कीबोर्ड उलटे करून बघितले, एक हलका नाही ना म्हणून हातात तोलून घेतले, आणि नव्या वस्तू म्हणून दोन्ही ढिगांना हळदीकुंकू लावलं. कीबोर्डला बोट, माऊसला बोट, आणि कॉम्प्युटरमध्ये खोचायचा तो नखाएवढा रिसिव्हर असतो ना, त्यालाही बोट. माझ्या रिसिव्हरच्या वेळी त्यांचा हात हलला आणि ओल्या कुंकवाचा हा एवढा गोळा थेट त्याच्या तोंडात.

आता सांगा, विजेच्या वस्तूत ओलं कुंकू? घरात लहान मूल असताना? आई दिवा आणायला वळल्या, तेवढ्यात मी दोन्ही ढिगांतले रिसिव्हर अदलाबदल केले. कोरडा मला, ओला जाऊबाईंना. वस्तू सारखीच होती की नाही? आणि त्यांच्या घरात वायर ओढणारं कुणी नव्हतं. त्यांचा मुलगा आठवीत आहे.

लगेच लावून बघायचं म्हटलं, तर आई म्हणाल्या, "आज आवस हाय. आज नवीन काय चालू करायचं न्हाई."

सकाळी नवऱ्याला कारखान्याच्या ऑफिसात जायची घाई. त्यानं जुन्या माऊसनं परीक्षेचं पान उघडून दिलं, अकराला ते आपोआप सुरू होणार होतं. मग जुना सेट उपसला, नवा रिसिव्हर खोचला, आणि ऑफिसातला कीबोर्ड बिघडलाय म्हणून जुना सेट पिशवीत घालून निघाला. "सेल तेवढे तू टाक," म्हणाला.

मी सेल टाकले. अकरा वाजले. पडद्यावर एका ग्राहकाची तक्रार आली: 'मागवलं एक, आलं दुसरंच. मी प्रचंड संतापलो आहे.' खाली उत्तरासाठी रिकामी चौकट. मी लिहायला लागले. चौकट रिकामीच.

पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून कीबोर्डमध्ये घातले. काही नाही. नवऱ्याला फोन लावला.

"अगं, सेल उलटे टाकलेस का?"

"मी बी.एस्सी. कॉम्प्युटर आहे."

"ते माहितीये. पण सेल उलटे आहेत का?"

मी फोन ठेवला. रागाच्या भरात कीबोर्डवर लिहिलं, 'चल ना मेल्या, आजच मरायचं होतं का तुला?' उमटणार नव्हतंच, म्हणून मोकळेपणानं लिहिलं. आणि तेवढ्यात पडद्यावरचा बाण आपोआप हलला. माझा माऊस उशीवर होता, हात कीबोर्डवर. बाण सरकला, थांबला, आणि चौकटीत अक्षरं उमटायला लागली.

'आपण कोण आहात?'

हॅकर. आता बँकेचं खातं, आधार, ओवीचे फोटो, सगळं गेलं. पण मग मला असा संताप आला म्हणून सांगू. आजच्याच दिवशी? माझ्याच परीक्षेत? मी लिहिलं, 'मी कोण? तू कोण ते सांग, चोर कुठला.'

मी लिहिलेलं मला दिसत नव्हतं, पण त्याला दिसत होतं, कारण लगेच उत्तर आलं: 'कृपया शांत व्हा.'

बघा. चोर मला शांत हो म्हणतोय. 'माझ्या घरात घुसून मलाच शांत हो म्हणतोस? थोबाड फोडीन.'

'आपला राग मी समजू शकते. आपण चुकीच्या ठिकाणी आला आहात. अडचण सांगा, आपण मिळून मार्ग काढू.'

समजू शकते? म्हणजे बाई होती. मग तर माझा तोलच गेला. 'बाई असून असले धंदे करतेस? लहान लेकरू आहे माझ्या घरात.'

'लेकरू माझ्याही घरात आहे. म्हणूनच सांगते, चिडून काही मिळत नाही.'

काय निर्ढावलेली बाई. मी शेवटचं हत्यार काढलं. 'माझी मोठी जाऊ सरकारी शिक्षिका आहे. तिला बोलावलं तर तुझी धडगत नाही. ती नुसती बघायला लागली तरी माणूस पाढे म्हणायला लागतो. आम्ही घरचे तिला वचकून असतो, तू कोण?'

बराच वेळ काही उमटलं नाही. घाबरली, मला वाटलं. मग अक्षरं आली, सावकाश: 'आपल्या जाऊबाईंचं नाव काय?'

'नाव विचारतेस? आता ओटीपी पण विचार,' असं लिहून मी कीबोर्ड पलंगावर टाकला आणि जाऊबाईंना बोलवायला ओट्यावर धावले.

त्या आधीच ओट्यावर उभ्या होत्या. हाताची घडी घालून.

"ताई, हॅकर आलीय माझ्या कॉम्प्युटरमध्ये. बाई आहे. फार पोचलेली आहे."

"असं? काय म्हणते?"

"म्हणते, शांत व्हा."

"मग व्हायचं ना, मेघा."

आई दोघींकडे बघत होत्या. "कवाच्यान ऐकतीय मी. हिकडून कीबोर्ड बडवल्याला आवाज येतो, आन् तिकडून ही म्हनती, कोन बया लागलीय माझ्या मागं. आन् माझं घड्याळ बंद पडलंय, ते बी त्या चोरानंच केलं का?"

त्याच वेळी आत ओवीला पलंगावर बेवारस पडलेला कीबोर्ड सापडला. तिनं तो दोन्ही हातांनी बदडल्याचा आवाज आला, आणि जाऊबाईंच्या खिडकीतून मला त्यांच्या कॉम्प्युटरचा पडदा दिसला. त्यावर 'कककककक' उमटत होतं, ओळीच्या ओळी. आणि त्या पडद्यातून एका पुरुषाचा आवाज आला, "मॅडम, तुमच्या परसबागेत हे काय उगवलंय?"

जाऊबाईंची ऑनलाइन मीटिंग चालू होती, जुन्या माऊसनं आधीच लावून ठेवलेली. शाळेच्या परसबागेचा अहवाल त्या सगळ्या शिक्षकांना पडद्यावर दाखवत होत्या. मेथी, पालक, शेवगा, आणि त्याखाली 'थोबाड फोडीन'. सगळ्यांनी वाचलं होतं. पाढ्यांचं तर कुणीतरी मोठ्यांदा वाचून दाखवलं होतं, म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, बी.एस्सी. कॉम्प्युटर बाईला कळायला नको, की प्रत्येक कीबोर्ड आपापल्या रिसिव्हरलाच ओळखतो? कळतं हो. पेपरात विचारलं असतं तर दोन मार्कांचं उत्तर लिहिलं असतं. पण ओट्यावर मी छाती पुढे काढून म्हणाले, "दुकानदारानंच घोळ घातलेला दिसतोय. असली माणसं धंदा करतात. मी तक्रार करणार आहे."

जाऊबाई आत गेल्या, कॉम्प्युटरमधून रिसिव्हर उपसून आणला आणि तळहातावर ठेवून पुढे केला. लालभडक.

आई वाकून बघत म्हणाल्या, "ह्यो तर मेघाच्या ढिगातला. माझा हात हलला, गोळा पडला, तो ह्योच. मी ज्याचं त्याला ठिवलं हुतं. तिकडं गेला कसा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ओवीसुद्धा, कीबोर्ड ओढत दारापर्यंत येऊन.

"कुंकू ओलं होतं," मी म्हणाले.

"मंग पुसायचं. वढनी हाय की गळ्यात."

मी ओवीला कडेवर घेतलं. आत गेले तर पडद्यावर लिहिलं होतं: 'आपलं उत्तर मिळालं. धन्यवाद.' वेळ संपल्यावर चौकटीत होतं ते आपोआप गेलं होतं. मी तिथेच पलंगावर बसून रडले. जाऊबाई येऊन शेजारी बसल्या. "मला सांगितलं असतंस परीक्षा आहे, तर मी मीटिंग सोडून ओवीला घेतलं असतं," म्हणाल्या. त्यानं तर जास्तच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन. ओवी मांडीवर, म्हणून स्पीकर लावला. आई दारातच होत्या.

"मॅडम, तुमचं उत्तर आमच्या साहेबांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. ग्राहक एवढा चिडलेला, आणि तुम्ही इतक्या शांत, इतक्या समजूतदार. फक्त शेवटी जाऊबाईंचं नाव का विचारलंत, ते आम्हाला कळलं नाही. पण तुमचा स्वभाव फार आवडला."

"कोनाचा?" आई दारातून म्हणाल्या.

मला गप्प बसता आलं असतं. पण रोज तीन तास तसं शांत राहायचं म्हटल्यावर धाप लागली. "मॅडम," मी म्हणाले, "तो स्वभाव भिंतीपलीकडे राहतो. आणि त्याला आधीच सरकारी नोकरी आहे." मग सगळं सांगितलं, कुंकवासकट.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग, "मग तुम्ही स्वतः काय लिहिलं होतं?"

ते जाऊबाईंकडे होतं. त्यांनी परसबागेतून माझं लिखाण वेगळं काढून नीट जपून ठेवलं होतं, कशासाठी ते मला विचारायचं धाडस झालं नाही. ते पाठवलं आणि आशा सोडून दिली.

संध्याकाळी पुन्हा फोन. ग्राहकांशी बोलायचं काम मला देता येणार नाही म्हणाल्या, कधीच नाही. पण कुरिअरवाले माल हरवतात, कारखानदार भलताच माल पाठवतात, त्यांना रोज खरमरीत लिहावं लागतं. आत्ता ते काम बघणारा मुलगा फार सौम्य आहे. "तुम्ही कराल का?"

मी हो म्हणाले. जाऊबाईंनी साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली. आईंना मात्र काम नीटसं कळलं नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं, "म्हंजी लोकांशी भांडायचं, आन् त्याचा पगार मिळनार?"

"हो, आई."

त्यांनी साखर तोंडात टाकली, जरा विचार केला आणि जाऊबाईंकडे बघून म्हणाल्या, "आन् आपल्याला हितं इतकी वर्सं समदं फुकटात मिळत हुतं व्हय."