न चाळलेली कणीक

चाळणीत उरलेल्या कोंड्याकडे आज बघतच राहिले. आमच्या ह्यांना मऊसूत पोळी लागायची. हे गेले, तरी माझा हात कणीक चाळतच राहिला.

साखर वाढली म्हणून परवा डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, "आजी, कोंडा टाकू नका. आतड्यातले चांगले जिवाणू त्यावरच जगतात. तुम्ही जेवता, पण ते उपाशी राहतात."

मी एकटीच राहते, असं नुकतंच त्यांना सांगितलं होतं.

कोंडा परत कणकेत मिसळला. हल्ली ओट्याशी उभ्यानंच खाते, आज ताट वाढून घेतलं आणि जुन्या सवयीनं हाक गेली, "चला, पानं वाढलीत!"

बाहेरच्या खोलीतून कुणी आलं नाही. पंगत माझ्या पोटातच ताटकळली होती.