बाल्कनीची चौदा फुलं

त्या बंद थिएटरची केस आठवली की आजही माझे कान गरम होतात. अमेरिकेत, एडिसन शहराजवळच्या एका गावात मी नुकतीच डिटेक्टिव्ह झाले होते. हुशारी अशी अंगात आली होती, की घरी भाजी निवडतानाही काळा चष्मा घालून बसायची.

खबर दिली थिएटरसमोरच्या किराणा दुकानातल्या काकूंनी. "अगं, रोज दुपारी एक म्हातारा मागच्या दाराने आत शिरतो. पिशवी रिकामी नेतो, भरून आणतो."

आत गेले. छतावर रंगवलेलं निळं आकाश, त्यात ताऱ्यांसारखे बारीक दिवे, बाल्कनीच्या कठड्यावर प्लास्टरच्या फुलांची ओळ. ओळीत चौदा खड्डे. चौदाही फुलं म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये सापडली. मालकाने तक्रार दिली, मी फुलं जप्त करून मुद्देमालाच्या खोलीत ठेवली.

चौकशीत तो शांत होता. वय ऐंशी, जन्मभर प्लास्टरचं काम केलेला.

"तडे बुजवून परत लावणार होतो," तो म्हणाला. "शुक्रवारी बिल्डिंग इन्स्पेक्टर येतोय. कठडा खिळखिळा दिसला तर थिएटर पाडतील."

"परवानगी घेतली होती?"

"मागितली असती तर नाही म्हणाले असते."

"सगळे चोर हेच सांगतात," मी म्हटलं. म्हणताना काय झकास वाटलं होतं.

त्यात प्रत्येक फुलाच्या पाठीवर अंगठ्याचा खोल ठसा मिळाला. सगळीकडे एकच, आणि म्हाताऱ्याशी न जुळणारा. म्हणजे साथीदार आहे. दोन दिवस मी गावातले झाडून सगळे भुरटे चोर तपासले. सार्जंटने विचारलं, "टोळी सापडली का?" मी म्हटलं, "जवळ पोचलेय."

गुरुवारी सकाळी एक फूल म्हाताऱ्यासमोर ठेवलं. "नाव सांगा. हा अंगठा कोणाचा?"

त्याने ते दोन्ही हातांनी उचललं.

"ओलं प्लास्टर साच्यात दाबताना उमटायचा," तो म्हणाला. "माझे वडील. थिएटर बांधलं तेव्हा ही फुलं त्यांनी केली. त्यांना जाऊन पन्नास वर्षं झाली."

वाळलेल्या प्लास्टरवर असा ठसा उमटत नाही, हे माझी पाच वर्षांची नातसुद्धा सांगेल. मी मात्र दोन दिवस एका दिवंगत कारागिराच्या मागावर होते.

मालकाला फोन केला. "परत लावतोय? मग लावू दे की," म्हणाला आणि त्याने तक्रार मागे घेतली. सह्या करून दुपारी फुलं सोडवली. म्हातारा लावत होता, मी शिडी धरली होती.

"हलू नका, ऑफिसर."

"मी नाही, शिडी हलतेय."

"शिडी माझी आहे. ती हलत नाही."

शुक्रवारी इन्स्पेक्टर कठडा बोटांनी ठोकत शेवटपर्यंत गेला. म्हाताऱ्याने माझी बाही घट्ट धरली होती. काहीच पडलं नाही. सही झाली. म्हातारा जवळच्या खुर्चीत बसला आणि रडू लागला. ड्युटीवर होते, तरी मीही शेजारी बसले.

त्या माणसाने पहिल्याच दिवशी मला सगळं खरं सांगितलं होतं. माझं उत्तर आधीच तयार होतं, म्हणून मी ऐकलंच नाही. पुढे नोकरीत मी प्रश्न विचारला की उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प बसायला शिकले. घरी हे अजून जमलेलं नाही, असं मुलं म्हणतात.