चौथी हाक

हे मी घरातही कधी बोललेलो नाही. बायकोला वाटतं, गर्दीचा कंटाळा म्हणून मी कपिलधारच्या जत्रेला जात नाही. कंटाळा कसला — कोणत्या तोंडाने जाऊ?

मी पोलीस वायरलेसच्या कंट्रोल रूममध्ये बसतो. अपघात, आग, पूर — मोबाईल हात टेकतात तिथे आमचे सेट बोलतात. बालाजी माझ्यानंतर आठ वर्षांनी नोकरीला लागला. मेंढपाळाच्या घरातला, इकडच्या डोंगरांची खडान्‌खडा माहिती असलेला. डिप्लोमा माझ्याकडे, नकाशे माझ्याकडे — आणि साहेब विचारायचे कुणाला? "बालाजीला बोलवा." जळायचो मी. दुसरा बरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

मग रिपीटर आला. डोंगरावर बसवायचं यंत्र, एका सेटचा आवाज पकडून लांबवर पोचवणारं. मी मांजरसुंब्याजवळची टेकडी सुचवली होती, महिनाभर नकाशात डोकं घालून. बालाजी म्हणाला, "साहेब, तिथून कपिलधारच्या दरीत काईच उतरायचं न्हाई. पल्याडच्या माथ्यावरून माजा बाप हाक मारायचा, ती खाली धबधब्यापाशी लई साफ यायची. तिथं बसवा." हाकेवरून जागा! आणि साहेब हसलेसुद्धा नाहीत. मान डोलावली त्यांनी.

दोन्ही जागी तात्पुरता रिपीटर लावून चाचणी ठरली. बालाजी दरीत उतरणार, मी कंट्रोलला बसून आवाजाला पाचपैकी आकडा देणार. माझ्या टेकडीवरून दरीत शून्य — खरंखुरं शून्य. दुसऱ्या दिवशी त्याचा माथा. खोलीत मी एकटाच होतो. नियम असा की तीन हाका द्यायच्या, उत्तर आलं नाही तर शून्य.

"कंट्रोल, आवाज कसा येतोय? ओव्हर."

इतका स्वच्छ, की मागे पडणारं पाणीही ऐकू येत होतं. बोट बटणावर होतं माझं. दाबलं नाही. दुसरी हाक. तिसरी. मग चौथी, नियमाबाहेरची — "दादा, मी बालाजी. येतंय का न्हाई काई?"

येत होतं. सगळं येत होतं. मी शून्य लिहिलं.

दरीत दोन्हीकडून शून्य, मग हायवेला बरी म्हणून माझी टेकडी पास झाली. साहेबांनी पाठ थोपटली. कसं वाटलं? छान वाटलं.

जत्रा भरते ती त्याच दरीत. पुढच्या जत्रेत एक बाई तिथल्या पायऱ्यांवरून घसरल्या, डोक्याला मार लागला. खालच्या शिपायाचा सेट मुका. तो धापा टाकत वर चढेपर्यंत अर्धा तास गेला. बाई वाचल्या, पण आता घरच्यांना ओळखत नाहीत म्हणे. तो अर्धा तास वाचला असता तर? डॉक्टरांना विचारायची हिंमत मला झाली नाही.

बालाजी मला म्हणाला, "दादा, माजीच जागा चुकली. बापाची हाक येगळी आन् मशीन येगळी, कळलं न्हाई मला." तेव्हापासून दर जत्रेला तो स्वतः त्या माथ्यावर उन्हात उभा राहतो, दोन सेट घेऊन. खालचं ऐकतो, मला कळवतो; "मशीनला न्हाई जमलं ते मानूस करंल," म्हणतो. साहेबांना आता तो जागा सुचवत नाही. मी त्याला पहिल्याच हाकेला उत्तर देतो.

गेल्या जत्रेत लोकांनी त्याला वर भाकरी नेऊन दिली, असं ऐकलं. आणि — काय सांगू — तेव्हाही माझ्या पोटात दुखलं.

वहीत ते शून्य अजून आहे. अक्षर माझं आहे. त्याचा आवाज पाचपैकी पाच होता.