खिळ्यावरचा बिल्ला

शिलाईच्या कारखान्यात तिला सगळे कॉलरवाली म्हणायचे. दिवसभर शर्टांना कॉलरी लावायची, आणि अशा पक्क्या की उसवणाऱ्याची बोटं दुखावीत. पण या बाईला लघवीला जायचं तर परवानगी लागायची. होय, लघवीला! नाकं मुरडू नका. मुरडायचीच तर त्या मालकापुढे जाऊन मुरडा. अख्ख्या रांगेत मिळून पत्र्याचा एकच बिल्ला, सुपरवायझरच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेला. हात वर करायचा. साहेबानं मान हलवली तर बिल्ला घेऊन जायचं, नाही हलवली तर दाबून बसायचं. बाया सकाळपासून पाण्याला शिवत नसत.

कॉलरवालीनं हे वर्षानुवर्षं मुकाट सोसलं. "सगळ्याच सोसतात, मी काय आभाळातून पडले?" म्हणायची.

मग एका रविवारी घरी जेवताना तिनं हात वर केला. स्वतःच्या स्वयंपाकघरात!

"काय गं आई?" लेकीनं विचारलं.

"जरा जाऊन येऊ?"

लेक खो-खो हसली. "जा की! मी काय तुझी मास्तरीण आहे?" आईचा हात तरी वरच. तेव्हा लेकीचं हसू विरलं.

कॉलरवालीनं हात खाली घेतला आणि परक्याचा असावा तशी त्याच्याकडे बघत राहिली. नवरा गेल्यावर याच हातानं लेक वाढवली, डोक्यावर छप्पर घातलं. आणि आता त्याला आपल्याच घरात उठायला हुकूम हवा होता! बाईला स्वतःच्या नजरेतून असं उतरवतात. मारझोड लागत नाही. भिंतीत एक खिळा पुरतो.

सोमवारी ती घटाघटा पाणी पिऊनच मशीनवर बसली. दुपारी सरळ उठून चालू लागली.

"ए कॉलर! बिल्ला कुठाय?"

"खिळ्यावर आहे साहेब. तुम्हाला जायचंय का? न्या."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कामावरून काढीन!"

"काढा. आल्यावर बोलू, आत्ता घाई आहे."

काढायची त्याची छाती झाली नाही. तिच्यासारखी कॉलर लावणार कोण? पण खुन्नस काढलीच. चार दिवस तिला उभं राहून धागे कापायला लावलं. एवढ्या कसलेल्या कारागिरणीला! पाय सुजले, पण पाणी तिनं पोटभर प्यायलं. आणि तिसऱ्या दिवशी शेजारची काजवालीही हात वर न करता उठली.

त्या संध्याकाळी जेवता जेवता कॉलरवाली उठली.

"कुठे निघालीस?" लेकीनं विचारलं.

"सांगत नाही, जा!"