मास्तरचं उंच स्टूल

कापड कापणारी बाई असली, तरी कारखान्यात सगळे तिला मास्तरच म्हणत. बावीस वर्षं ती टेबलाशी उभी राहून शर्ट कापत होती. शिवणाऱ्यांनी बसायचं, कापणाऱ्याने उभंच राहायचं. बसून कापलं की कापड तिरकं जातं, असं शेठ सांगायचे. शेठनी जन्मात साधा रुमाल कापला नव्हता, पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

मास्तरच्या डाव्या पायाच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या, घोट्याजवळची कातडी काळवंडली, तेव्हा घरात सल्ल्यांना ऊत आला. नवरा म्हणाला, "सरळ ऑपरेशन कर, रोग मुळासकट उपटावा." जाऊबाई म्हणाल्या, "छे, लेझरच करा. टाका नाही की काही नाही." पाय कुणाचा, हे कुणी विचारलंच नाही.

मास्तर एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी कागदावर पाय काढून दाखवला. ऑपरेशनमध्ये जांघेपाशी काप देऊन शीर ओढून काढायची, मग दोन-तीन आठवडे घरी. लेझरमध्ये सुईच्या भोकातून बारीक नळी सरकवून शीर आतूनच बंद करायची. माणूस त्याच दिवशी चालत घरी.

"शीर फार वेडीवाकडी असली तर नळी जात नाही. तुमच्या शिरेत जाईल."

"टिकतं कोणतं जास्त?"

"जवळपास सारखंच. पण दिवसभर अशाच उभ्या राहिलात, तर काहीही करा, दुसऱ्या शिरा फुगू शकतात."

मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं ती स्वतःच्या पायालाच बोल लावत आली होती.

तिने लेझर करून घेतलं. आठवड्याने घट्ट मोजा चढवून ती कामावर आली, ती काखोटीला सुताराकडून करून घेतलेलं उंच स्टूल मारूनच.

"बसायचं असेल तर घरी बसा," शेठ म्हणाले.

मास्तर स्टुलावर बसली. कापड पसरलं, खडूची रेघ ओढली, कात्री चालवली.

"टेप लावा, शेठ. सूतभर चुकलं असेल तर आपणहून घरी जाते."

मशिनी थांबल्या. शेठनी एकदा मोजलं, मग उलट बाजूने मोजलं. टेप खिशात घालून ते निघून गेले.

अठरा वर्षं उभ्याने इस्त्री मारणारा प्रेसवाला हळूच आला आणि त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली. पायावर तशाच शिरा होत्या.

"मास्तर, मी काय करू? ऑपरेशन की लेझर?"

"ते डॉक्टरीणबाई सांगतील," कात्री न थांबवता मास्तर म्हणाली. "सुताराचा पत्ता आधी लिहून घे."