एकाच दिवशी कापायचं प्लास्टर

हॉस्पिटलात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. तोंडावर ‘दीडमहिना काका’, पाठीमागे नुसतंच दीडमहिना. एकतीस वर्षं प्लास्टर खोलीत काढलेला माणूस. कोमट पाण्याच्या बादलीत पट्टीचा रोल बुडवायचा, बुडबुडे थांबले की बाहेर काढायचा, दोन्ही टोकांनी हलकेच पिळायचा आणि मोडक्या हातावर गुंडाळत न्यायचा. मग पेशंटने ठरलेला प्रश्न विचारायचा, “कधी निघेल हो?” आणि यांनी ठरलेलं उत्तर द्यायचं, “दीड महिना!” त्यात एका दिवसाची सूट नाही. एकदा एका वकिलाने पाच आठवड्यांतच काढा म्हणून अर्धा तास युक्तिवाद केला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मला पटलं. आता हेच तुमच्या हाडाला पटवा.”

यावर कुणी तोंड वाकडं केलं, की व्याख्यान सुरू. “हाड म्हणजे काय वाटलं तुम्हाला, लाकूड? अहो, जिवंत वस्ती आहे ती! आत रक्त खेळतं. मोडलं की आधी तिथे रक्ताची गाठ होते, मग कानाच्या पाळीसारखं मऊ काहीतरी धरतं, आणि मग येतात गवंडी. म्हणजे पेशीच, पण काम गवंड्यांचं. ते मऊ जागी हाड बांधत जातात, आणि बांधता बांधता त्यातले काही स्वतःच भिंतीत चिणले जातात. मरत नाहीत हां! आतच बसून पहारा करतात, बारीक बारीक बोळांतून एकमेकांना निरोप धाडतात. आणि तोडणारे वेगळे. जुनं, ओबडधोबड झालेलं ते खरवडून काढतात. एवढा कारखाना आत चालू आहे, आणि तुम्ही म्हणता कधी निघेल!” ऐकणाऱ्याचा हात दुखायचा थांबत नसे, पण विचारायची हिंमत मात्र जात असे.

अशा माणसाने स्वतःचाच हात मोडून घ्यावा, याला काय म्हणायचं? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

झालं असं. मुलाची मुलगी, वय वर्षं सात, घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. तिला सायकल शिकवायची आजोबांना भारी हौस. घरामागच्या गल्लीत ती पेडल मारायची आणि हे मागून सीट धरून धावायचे. पंधरा दिवसांत पोरगी तयार झाली होती. “आजोबा, सोडा आता!” ती ओरडायची. पण आजोबा कसले सोडतायत! त्या संध्याकाळी समोर मांजर आलं, भिंगरीने कच्चकन ब्रेक दाबला, सायकल थांबली. आजोबा मात्र थांबले नाहीत. आधी सायकल, तिच्यावर भिंगरी आणि सगळ्यांवर आजोबा, असा ढीग झाला. भिंगरीचं डावं मनगट गेलं, आजोबांचं उजवं. मांजराला काही झालं नाही.

प्लास्टर खोलीत त्यांनीच शिकवून तयार केलेली नवी टेक्निशियन होती. तिने दोघांचे हात बांधले. शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी प्लास्टर कापणं चाललं होतं. मशीनचा तो घर्रर्र आवाज ऐकून भिंगरीने भोकाड पसरलं. “मला नाही कापायचं! एकटीचं तर मुळीच नाही!” आता एकतीस वर्षं काका पोरांना हेच सांगत आले होते, की हे पातं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं, कडक असेल तेवढंच कापतं, मऊ कातडीला फक्त गुदगुल्या होतात. पण त्या दिवशी स्वतःच्याच हातात कळा येत होत्या आणि नात हुंदके देत होती. घाईघाईने बोलून गेले, “एकटीचं कशाला? आपलं दोघांचं एकाच दिवशी कापायचं. शब्द दिला.”

“नक्की?”

“नक्की.”

नव्या टेक्निशियनने मान वर करून पाहिलं. लहान मुलाचं मनगट चार आठवड्यांत जुळतं, दीड महिना लागतो तो मोठ्यांना, हे तिला याच माणसाने शिकवलं होतं.

पुढचे चार आठवडे घरात मजाच होती. दोघांत मिळून दोन धड हात. भिंगरी उजव्या हाताने आजोबांच्या सदऱ्याची बटणं लावायची, आजोबा डाव्या हाताने तिचा डबा धरायचे आणि ती झाकण उघडायची. पण आजोबांना आतून धाकधूक. चार आणि सहा यांचा मेळ कसा घालायचा? माणूस दोन वेळा दूध पिऊ लागला, अंडी खाऊ लागला, उन्हात हात धरून बसू लागला. आजी शेवटी म्हणाली, “अहो, पापड वाळतोय की हाड? लोकांना एवढं ब्रह्मज्ञान सांगता, आणि स्वतःची वेळ आली की असं?” आजोबांनी दुधाचा पेला तोंडाला लावला.

चौथ्या आठवड्यात दोघांचे एक्स-रे झाले. डॉक्टरीणबाईंनी ते शेजारी शेजारी लावले. भिंगरीचं हाड मस्त सांधलं होतं. आजोबांच्या हाडाभोवती नुसतं धुकं होतं.

“हिचं आजच काढू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काका, तुम्हाला अजून दोन आठवडे.”

काका बाईंच्या कानाशी वाकले. “माझंही आजच काढा ना.”

नव्या टेक्निशियनच्या हातून कात्री पडली.

“कोण बोलतंय हे?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“मग हिचं तरी दोन आठवडे राहू दे.”

“कशासाठी? हात उगाच आखडेल पोरीचा.”

ते मात्र त्यांनाही पटलं. आपला हात वाकडा राहिला असता तर चाललं असतं, तिचा नाही. ते भिंगरीसमोर खाली बसले आणि म्हणाले, “भिंगरे, मी खोटं बोललो. आपलं एकाच दिवशी निघणार नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. तुझं हाड वाढतं आहे गं. टोकाला मऊ पट्टी असते, तिथे रोज नवं काम चालतं. तुझे गवंडी तरणेबांड, पळत येतात. माझे म्हातारे झाले. वीट ठेवतात, बसतात, परत उठतात.”

भिंगरीने एवढंच विचारलं, “म्हणजे फसवलंत?”

“फसवलं.”

तिने हात पुढे केला. मशीन घर्रर्र वाजलं, पण ती रडली नाही, आणि तिने आजोबांचा हातही धरला नाही. कापून झालेल्या प्लास्टरची दोन अर्धुकं मागून घेतली, दप्तरात टाकली आणि आईचं बोट धरून निघून गेली.

ते दोन आठवडे आजोबांना फार जड गेले. भिंगरी यायची, जेवायची, आजीशी गप्पा मारायची. बटणं मात्र आजीलाच लावावी लागत. “आपलाच शब्द, आपल्याच गळ्याला फास,” आजी म्हणायची आणि सगळ्यात वरचं बटण जरा जोरातच आवळायची. आजोबांना एकाच गोष्टीची भीती वाटत होती. ही पोर आता आपलं काहीच खरं मानणार नाही.

बरोबर दीड महिन्याने ते प्लास्टर खोलीतल्या स्टुलावर बसले. प्लास्टर कापून घ्यायला, आयुष्यात पहिल्यांदा. टेक्निशियनने मशीन चालू केलं आणि यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“थांब गं, जरा पाणी पिऊन येतो.”

“काका, हे तिसऱ्यांदा.”

इतक्यात दार ढकलून भिंगरी आत आली. मागे आजी. भिंगरीच्या डाव्या हातावर प्लास्टर होतं! आजोबा ताडकन उठले. “परत पडलीस?”

मग नीट पाहिलं. तीच दोन अर्धुकं, कडा घाण झालेल्या, आणि वरून केसांच्या दोन रिबिनींनी आवळून बांधलेली.

“एकाच दिवशी कापायचं ठरलं होतं ना?” भिंगरी म्हणाली. “मग आधी माझं. बघा, भ्यायचं नाही.”

टेक्निशियनने अगदी गंभीर चेहऱ्याने कात्री घेतली आणि रिबिनी कापल्या. मग मशीन आजोबांच्या हातावर फिरलं. भिंगरीने त्यांचा दुसरा हात घट्ट धरला होता आणि ती कानाशी सांगत होती, “फक्त गुदगुल्या होतात, आजोबा, फक्त गुदगुल्या.” आजोबांचे डोळे मिटलेले होते आणि गालावरून पाणी वाहत होतं.

आतून हात निघाला तो वाळका, खपल्या धरलेला. मूठही धड वळेना.

“आता हा पहिल्यासारखा कधी होणार?” भिंगरीने विचारलं. “खरं सांगा.”

“दीड महिना,” आजोबा म्हणाले, आणि आजीसकट सगळी खोली हसली. भिंगरी हसली नाही. ती बोटांवर दिवस मोजत होती.

“मग दीड महिन्याने सायकल. पण या वेळी सीट सोडायची.”

“सोडीन. शब्द देतो.”

भिंगरीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण सैल केलं.

“शब्द नको,” ती म्हणाली. “नुसती सोडा.”