फॉर्मात न मावलेल्या मावशी

आई-बापाच्या मजुरीवर आमचं घर चालायचं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शेवटच्या वर्षी निफाडला बायकांच्या कामाची पाहणी केली, तर सगळ्या फॉर्मांवर एकच उत्तर: ‘काम नाही, घरीच असते.’

सर म्हणाले, "बाया नुसत्या बसून असतात होय? परत जा, नाहीतर नापास."

द्राक्षबागेत एक मावशी कात्रीने झपाझप घड विरळ करत होत्या. "काम काय करता?" मी विचारलं.

"काय नाय, घरीच," कात्री न थांबवता त्या म्हणाल्या. माझा चेहरा बघून हसल्या. "काम म्हटलं की आम्ही नवऱ्याचंच धरतो, पोरी. काल उठल्यापासून काय काय केलं, ते इचार."

विचारलं, तर फॉर्मची मागची बाजूही भरली.

त्यांचाच प्रश्न घेऊन मी सगळ्यांकडे पुन्हा गेले, आणि आमच्या घरातली पहिली बी.ए. झाले.